कमलताई स्क्रीनकडे पाहत नसत

नोकरीच्या पहिल्याच दिवशी कमलताई मेश्राम यांनी माझ्या मशीनच्या मागे हात घातला, माऊसच्या वायरचे दोन स्क्रू सोडवले, वायर गुंडाळून तिला रबरबँड लावला आणि माऊस आपल्या ड्रॉवरमध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून दिला. मी बघतच राहिले. नागपूरहून कॉम्प्युटरची डिग्री घेऊन आलेली, भिलाईच्या स्टील प्लांटच्या कॉम्प्युटर सेक्शनमधली सगळ्यात नवी प्रोग्रामर मी, आणि ही पन्नाशी उलटलेली डाटा एंट्री ऑपरेटर माझ्या टेबलावरची वस्तू न विचारता उचलून नेत होती.

"हा उंदीर आठ दिवस माह्यापाशी राहीन," त्या म्हणाल्या. "तंवर याच्याबिगर काम कर. मंग वापस देते."

"पण ताई, कावून?"

"हात उचलला का टाइम गेला. आन् हाताच्या मांगं डोळे जाते. डोळे कागदावरून उठले का माणूस गेला कामातून."

मला राग आला होता, पण पहिल्या दिवशी भांडायचं कसं म्हणून गप्प बसले. घरी जाऊन बाबांना सांगितलं तर ते खो-खो हसले. बाबाही याच प्लांटात फोरमन होते आणि भिलाईजवळच्या पद्मनाभपुरातल्या आमच्या घरी जेवताना प्लांटशिवाय दुसरा विषय नसे. "ते बाई स्क्रीनकडं पाहतच नाही," बाबा म्हणाले. "आन् तिची चूक आजवर कोणाले सापडली नाही. तू शिकून घे तिच्यापाशी."

मला ती प्लांटातली एक दंतकथा वाटली होती. पण ते शब्दशः खरं निघालं. कमलताईंच्या डाव्या हाताशी फॉर्मांचा गठ्ठा असे. उजवा हात कीबोर्डच्या उजव्या कडेच्या आकड्यांवर, डाव्या हाताची करंगळी टॅबच्या बटणावर. फॉर्ममधल्या प्रत्येक चौकटीला त्या 'घर' म्हणत. एक घर भरलं की टॅब दाबायचा, मग कर्सर आपोआप पुढच्या घरात जातो. ते भरलं की पुन्हा टॅब, आणि फॉर्म संपला की एंटर. डाव्या हाताची उरलेली बोटं तेवढ्यात कागद उलटत. टक-टक-टक, टॅब. टक-टक, टॅब. नजर एकदाही वर नाही. आणि यावर कडी म्हणजे त्यांचा रुमाल. निळ्या किनारीचा पांढरा रुमाल त्या सकाळी हात धुतले की स्क्रीनवरच वाळत घालत. अर्धा स्क्रीन झाकला जाई. बाहेरून आलेले साहेब लोक ते बघून चक्रावत. एकानं विचारलं होतं म्हणे, "मैडम, दिखता कैसे है?" त्यावर ताईंनी कागदावर बोट ठेवून उत्तर दिलं होतं, "साहब, देखना तो इधर है."

आमच्या हॉलमध्ये कमलताईंचा सगळ्यांना धाक होता आणि सगळ्यांना त्यांच्या डब्यातली मिरचीची भाजी हवी असे. कीबोर्डकडे बघत एकेक बटण दाबणाऱ्या मुलीजवळ जाऊन त्या काळजीनं विचारत, "काय शोधून राहिली, बाई? हरवलं का काही?" मग तिच्या खुर्चीमागं उभं राहून तिचे डोळे स्वतःच्या पदरानं झाकत. पोरगी रडकुंडीला येई. "घरचा रस्ता पायाले माहीत असते," त्या म्हणत. "डोळ्याले विचारा नाही लागत. चालत राय." पंधरा दिवसांनी तीच पोरगी न बघता टाइप करू लागे आणि मिरचीची भाजी मागायला येई.

आठ दिवसांनी ठरल्याप्रमाणं माऊस परत मिळाला. तोवर माझीही करंगळी जरा वळणावर आली होती, पण ते मी कबूल केलं नाही.

कमलताई गोंदियाकडच्या. मॅट्रिक झाल्या झाल्या लग्न होऊन भिलाईला आल्या. नवरा प्लांटात होता, तो कावीळ होऊन गेला. दोन लहान मुली पदरात, आणि त्याच्या जागी यांना नोकरी मिळाली ती कार्ड पंचिंगच्या हॉलमध्ये. हे सत्तरच्या दशकातलं. तेव्हा माहिती स्क्रीनवर नव्हे, पोस्टकार्डाहून जरा लांब अशा जाड कार्डांवर भोकं पाडून भरत. एक बाई कार्ड मारायची, मग दुसरी बाई तेच कार्ड दुसऱ्या मशीनवर पुन्हा मारायची. दोघींचं जुळलं नाही की ते दुसरं मशीन, व्हेरिफायर, अडून बसायचं आणि लाल दिवा लागायचा. ताईंच्या कार्डावर लाल दिवा लागला की हॉलमध्ये बातमी व्हायची, इतकं ते क्वचित घडे.

"नवऱ्याच्या जागेवर आली, बसल्या बसल्या पगार भेटते, असं म्हणत होते लोक," एकदा डबा खाताना त्यांनी सांगितलं. "काही अजून बी म्हणत होते. आमच्या लोकाईले काय म्हणतात, तुले माहीत असन नसन. म्या ठरवलं, तोंडानं बोलाचं नाही. माह्या हातातून गेलेलं कार्ड वापस नाही आलं पाह्यजे, बस." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "चोवीस वर्सं झाली. फायलीत एक मेमो नाही माह्या."

हे त्या बढाईनं सांगत नव्हत्या. आपल्या मुली शिकल्या, एक नागपूरला शिक्षिका झाली, हे सांगताना त्यांचा जसा आवाज असे, तसाच तेव्हाही होता.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

नव्वदच्या दशकाचा मध्य उलटला होता. काळ्या स्क्रीनवरच्या पांढऱ्या अक्षरांचे जुने प्रोग्राम जाऊन खिडक्यांचे, रंगांचे, बटणांचे प्रोग्राम आले होते. आमच्या सेक्शनमधला असा पहिला फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. कामगारांच्या मुलांची नोंद करायचा फॉर्म होता तो. कर्मचारी क्रमांक, विभागाचा कोड, मुलांची संख्या आणि शेवटी तारीख. मी त्याला पिस्ता रंग दिला. बटणांना सावल्या दिल्या. फॉर्म तयार झाला आणि वरून निरोप आला की कागद वाचवायचा म्हणून सेफ्टी बुटांची मागणीही याच फॉर्मवर घ्यायची आहे. छापील कागदावर बुटाचा नंबर मुलांच्या संख्येच्या वर येणार होता. मी स्क्रीनवर मुलांचं घर खाली ओढलं, मोकळ्या जागेत बुटाचं घर बसवलं, शेजारी हौसेनं एक छोटं बुटाचं चित्रही काढलं. प्रत्येक घरात माऊसनं क्लिक करून आकडे भरून पाहिले. सगळं जिथल्या तिथं.

कमलताईंनी तो पिस्ता रंग पाहिला, बूट पाहिला आणि विचारलं, "रस्ता कसा आहे याचा?"

"कशाचा रस्ता, ताई?"

"एका घरातून दुसऱ्या घरात जाचा. टॅब मारला का कुठं जाते?"

"माऊसनं जिथं पाह्यजे तिथं जाता येते ना. आता रस्ता कोणाले लागते?"

पोरीनं वरणात मीठ कशाला लागतं म्हणून विचारावं आणि आईनं तिच्याकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले लागते," त्या म्हणाल्या. "कागद जसा खाली उतरते, तसा रस्ता पाह्यजे. तसा आहे का?"

"हाव, तसाच आहे," मी म्हणाले. तपासून न बघता म्हणाले. आजही ते 'हाव' आठवलं की मला माझीच लाज वाटते.

फॉर्म सुरू झाला. दोन तरुण ऑपरेटर माऊस घेऊन घराघरात क्लिक करत सावकाश चालले होते. कमलताईंनी रुमाल वाळत घातला आणि दोन दिवसांत अख्ख्या कोक ओव्हन विभागाचा, म्हणजे दगडी कोळशाच्या भट्ट्यांवरच्या कामगारांचा, गठ्ठा संपवला.

आठवड्यानं स्टोअरमधून फोन आला. स्टोअरकीपर हसत होता की ओरडत होता, कळेना. "मैडम, ये दो नंबर का जूता कौन पहनता है? कोक ओवन में बच्चे भर्ती हुए हैं क्या?" मी यादी काढली. अख्ख्या कोक ओव्हनला शून्य, एक, दोन, तीन नंबरचे बूट लागणार होते. आणि त्यांना मुलं होती सात, आठ, नऊ, एकाला तर अकरा. तोवर ही मुलांची यादी त्यांच्या नोटीस बोर्डावरही लागली होती. दुपारी एक तरुण कामगार हेल्मेट काखेत मारून आमच्या दारात आला. त्याचे साथीदार मागून खिदळत होते. बिचारा अगदी रडवेला झाला होता. "मैडम, मोर तो बिहाव घलो नइ होय हे," तो म्हणाला, "अउ नौ झन लइका कहाँ ले आगे?" त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि यादीत त्याला नऊ मुलं होती. मुलीकडचा एक जण त्याच विभागात कामाला होता.

सगळा हॉल हसला. कमलताईंशिवाय सगळे.

आमचे मुख्य अधिकारी दुबे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना हिशेबानं सिद्ध झालेलं सगळं खरं वाटे. त्यांनी तिन्ही ऑपरेटरांचे गठ्ठे तपासले. दोघांचे बरोबर होते. चूक होती ती फक्त कमलताईंच्या गठ्ठ्यात, आणि त्यात प्रत्येक फॉर्मवर होती. "प्रोग्राम में खराबी होती तो सबका गलत आता," साहेब म्हणाले. "मैडम, उमर हो गई है. आप स्क्रीन देखती नहीं. कितनी बार कहा है."

"जो काग़ज़ पे था, वही मारा है, साहब," ताई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत मेमो निघाला. पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यावा. शिवाय हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली की रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत, तोवर त्यांना डिस्पॅचला बसवणार, पाकिटांवर शिक्के मारायला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा असताना मी माझा फॉर्म उघडला. माऊस बाजूला सारला. ताईंसारखी करंगळी टॅबवर ठेवली. क्रमांक, टॅब. विभाग, टॅब. कर्सर बुटाच्या घरावरून उडी मारून खाली मुलांच्या घरात गेला. पुन्हा टॅब दाबला, तर वर बुटाच्या घरात आला. मग तारखेवर. मी बुटाचं घर सगळ्यात मागून बसवलं होतं. टॅबला स्क्रीनवर कोणतं घर वर आहे आणि कोणतं खाली, याच्याशी घेणंदेणं नसतं. आधी बसवलं त्या घरात तो आधी जातो, तुम्ही क्रम बदलून दिला नाहीत तर. तारखेचं घर मी बुटानंतर एकदा पुसून पुन्हा बसवलं होतं, म्हणून ते तेवढं जागेवर राहिलं. क्लिक करणाऱ्यांना हे कधीच कळलं नसतं. कागदावर विश्वास ठेवून चालणाऱ्या कमलताई तेवढ्या खड्ड्यात पडल्या होत्या. बूट आठ, मुलं दोन असं त्यांनी बरोबर मारलं, आणि माझ्या फॉर्मनं ते मुलं आठ, बूट दोन असं लिहून घेतलं.

मग मी जे केलं ते चुकीपेक्षा वाईट होतं. मी प्रोबेशनवर होते. दोन महिन्यांनी पक्की होणार होते. मी गुपचूप क्रम सरळ केला, प्रोग्राम सगळ्या मशीनवर चढवला आणि डबा खायला गेले.

त्याच दुपारी दुबे साहेबांनी स्वतः येऊन टॅब मारत एक फॉर्म भरून पाहिला. तो बरोबर भरला गेला. "देखिए, ठीक चल रहा है," ते ताईंना म्हणाले. मी दोन हातांवर तिथंच उभी होते.

ताईंनीही पाहिलं. आणि त्यांनी निकाल लावून टाकला की चूक आपलीच. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनवर रुमाल आला नाही. त्या एक घर भरत आणि मान वर करून बघत. पुन्हा खाली कागदाकडे, तर ओळ हरवलेली. टक-टक, टॅब, आणि मग शांतता. हॉलला त्या आवाजाची इतकी सवय होती की मधल्या शांततेनं सगळ्यांचीच कामं अडखळू लागली. रोजच्या निम्मेही फॉर्म होईनात.

"पोरी," चौथ्या दिवशी त्या मला हळूच म्हणाल्या, "तू शिकलेली हायेस. बोटाले अक्कल राहत नाही असं होते का गं वयानं? म्या मिठाच्या पान्यात शेकून राहिली रोज." आणि त्यांनी उजव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. टोकं चपटी झालेली, नखं बारीक कापलेली. मी बाथरूमचं निमित्त करून उठले.

रविवारी मी लूना काढली आणि सेक्टर दोनला त्यांच्या क्वार्टरवर गेले. त्या नुकत्याच विहारातून आल्या होत्या, अंगावर पांढरं लुगडं होतं. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, खाली मुलींची पुस्तकं ओळीनं. मला बघून त्या हरखल्या. "ये, ये. चहा मांडते." मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर सांगू शकले नसते.

"ताई, तुमचं काही चुकलं नाही. रस्ता माहा वाकडा होता. बुटाच्या आंधी मुलाईच्या घरात जात होता."

त्या स्टोव्हला पंप मारत होत्या, तो हात थांबला. "मंग साहेबानं पाह्यलं तवा बरोबर कसं आलं?"

"म्या त्याच्या आंधी सरळ करून ठेवला होता."

"कोन्या दिवशी?"

"मेमो निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्या एकदम भडकल्या. मी त्यांना इतकं भडकलेलं कधी पाहिलं नव्हतं. "म्हंजे चार दिवस मी माह्या हाताले शिव्या देऊन राहिली, आन् तू पाहून राहिली? माह्या बाजूले बसून भाजी खाऊन राहिली?" माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "रडू नोको! चुकली त्याचं मले काही नाही. चुकतच असते माणूस. आमच्या टायमाले त्याच्यासाठी दुसरी बाई होती. तिनं माही चूक पकडावं, म्या तिची पकडावं, कोणाले लाज नव्हती. पण लपवली कावून? दिवा लागू देत नाही ते मशीन काय कामाचं?"

मी म्हणाले, "उद्या साहेबाले सांगते."

"सांगशीन त तोंडानं नोको सांगू. मेमो कागदावर निघाला आहे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा पंप मारू लागल्या. चहा त्यांनी दिला. पण त्या दिवशी मला दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत.

सोमवारी मी एक पान लिहून दुबे साहेबांच्या टेबलावर ठेवलं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, कधी दुरुस्त केलं आणि कुणाला सांगितलं नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाइए." कमलताईंचा मेमो त्याच दिवशी मागे घेतला गेला आणि तसं लेखी त्यांच्या फायलीत लागलं. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. घरी आई चिडली, पण बाबांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्या बिनलग्नाच्या कामगाराची मुलं पुसून मी नवी यादी स्वतः कोक ओव्हनच्या बोर्डावर लावून आले. तिथल्या लोकांनी मला पेढे मागितले.

कोक ओव्हनचा तो गठ्ठा पुन्हा भरायचा होता. ताई म्हणाल्या, "मी मारते, तू माह्या मांगून तेच मार. जुन्या वानी." तीन दिवस आम्ही तेच केलं. याच तीन दिवसांत त्यांनी मला जुनी गोष्ट शिकवली, जी माझ्या कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. पंचिंग मशीनमध्ये एक छोटा ड्रम असे. त्यावर एक कार्ड गुंडाळत, आणि कोणत्या रकान्यावरून कोणत्या रकान्यावर उडी मारायची, ते मशीनला त्या कार्डावरून कळे. नवा फॉर्म आला की ते कार्ड बनवायचं काम ताईंकडे येई. "आंधी कागदावर बोट फिरवाचं," त्यांनी माझं बोट धरून छापील फॉर्मवरून खाली सरकवलं. "बोट जिथून जाते, तोच रस्ता. वरून खाली, आपली वाचाची रीत असते तसा. मंग मशीन. तू आंधी मशीन केलं आन् कागद मांगून." आजही नवा प्रोग्राम तयार झाला की मी पहिल्यांदा माऊस काढून ड्रॉवरमध्ये ठेवते आणि डोळे मिटून पूर्ण फॉर्म टॅबनं चालून बघते. माझ्या हाताखालची मुलं हसतात. हसू देत.

ताईंनी मला माफ केलं की नाही, हे मात्र कळत नव्हतं. डब्यातली भाजी पुन्हा मिळू लागली होती. बोलणंही पूर्वीसारखं झालं. पण रुमाल परत आला नाही. प्रत्येक फॉर्मनंतर त्यांची मान वर होईच. मी एकदा म्हटलं, "ताई, आता रस्ता सरळ आहे. म्या शंभरदा पाह्यला." त्या म्हणाल्या, "मले माहीत आहे गं. हात नाही मानत." कागदावर लिहून देऊन मेमो परत घेता येतो, हाताचा विश्वास तसा परत देता येत नाही. आठ महिने मी ती वर होणारी मान पाहत होते आणि मनात म्हणत होते, ही मीच वर करायला लावली.

रिटायर झाल्यावर त्या नागपूरला थोरल्या मुलीकडे गेल्या. पत्रं येत, त्यात मला लग्न कर म्हणून दटावलेलं असे. काही वर्षांनी एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला की आई गेली, झोपेतच गेली. मी रिसीव्हर ठेवला आणि आठवला तो त्यांचा ऑफिसातला शेवटचा दिवस.

त्या दिवशी निरोपसमारंभ उरकला होता, हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवला होता, समोसे संपले होते. लोक पांगले. ताई आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. ट्रेमध्ये एक फॉर्म शिल्लक होता, ऑफिस स्टाफचा. तो त्यांचाच होता.

"हा राह्यला का?" त्या म्हणाल्या. "मारून टाकते."

मग त्या उठून हात धुऊन आल्या. पिशवीतून निळ्या किनारीचा रुमाल काढला, झटकला आणि स्क्रीनवर वाळत घातला. नीट, दोन्ही टोकं सारखी करून. मी बाजूच्या टेबलाशी उभी होते.

टक-टक-टक-टक, कर्मचारी क्रमांक. टॅब. टक-टक, विभाग. टॅब. आणि इथं त्या थांबल्या. बुटाच्या घरापाशी. कारकून बायांना सेफ्टी बूट मिळत नसत, कागदावर ते घर कोरं होतं. "पंचवीस वर्सं पलांटात काढली," त्या कागदाकडे बघतच म्हणाल्या, "एक बूट नाही भेटला मले. लिहू का?"

"लिहा ना, ताई."

"पाच नंबर." टक. टॅब. "पोरी दोन." टक. टॅब. तारीख. एंटर.

मान वर झाली नाही. त्यांनी फॉर्म उलटा करून झालेल्या गठ्ठ्यावर ठेवला, रुमाल ओढून घडी केली, पिशवीत टाकला आणि खुर्ची आत सरकवून म्हणाल्या, "चालते, पोरी." आणि दाराकडे निघाल्या. स्क्रीनवर बूट पाच, मुलं दोन असं उमटलं होतं, ते मी पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.